खंडीचा भाव

२०२३ च्या जूनमध्ये मी गावी गेले तेव्हा माझ्या खोलीत कापूस राहत होता. दहा बाय बाराची खोली. बारावीपर्यंत मी तिथेच अभ्यास केला. भिंतीवर चिकटवलेली आवर्तसारणी कमरेपर्यंत कापसात बुडाली होती. दाराला आडव्या फळ्या लावलेल्या, त्यांच्यामागे छातीइतका ढीग, आणि घरभर दमट सरकीचा वास. आई-बाबा ओसरीत झोपत होते. आजीच्या कोपरापासून मनगटापर्यंत लाल चट्टे उठले होते. कापूस घरात फार दिवस राहिला की त्यात बारीक किडे होतात आणि घरातल्या माणसांना खाज सुटते. त्या उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात घरोघर हेच चाललं होतं, त्यामुळे कुणाला त्याचं नवल नव्हतं.

आमच्या घरातला तो कापूस मात्र माझ्यामुळे होता.

डिसेंबरात बाबांचा फोन आला होता. "खेडा खरेदीवाला आलाय. साडेआठ म्हन्ते. देऊन टाकू काय?" साडेआठ म्हणजे क्विंटलला ८,५०० रुपये. आधीच्या हंगामात आम्ही डिसेंबरातच ८,००० ने विकून मोकळे झालो होतो आणि मग एप्रिल-मेमध्ये भाव काही बाजारांत १२,००० च्या पुढे गेलेला नुसता बघत बसलो होतो. ते गावात सगळ्यांच्याच मनात खुपत होतं. मी पुण्यात दिवसभर एक्सेलमध्ये आकडे बघते, पगारही त्याचाच मिळतो. दोन रात्री जागून मी न्यूयॉर्कचा वायदा, ब्राझीलचं पीक, चीनची मागणी असलं सगळं पाहिलं आणि बाबांना सांगितलं, थांबा. दहा येईल.

"तू पाह्यलं असशीन तं थांबतो," ते म्हणाले. एवढंच. माझ्याशी हुज्जत घातली असती तर बरं झालं असतं.

दहा आला नाही. मार्चमध्ये आठच्या खाली, मेमध्ये सात-सव्वासात. पीककर्ज ३१ मार्चच्या आत फेडलं तर व्याज लागत नाही, ती तारीख हुकू नये म्हणून बाबांनी शेजारच्यांकडून हातउसने घेतले. हे मला जूनमध्ये आईकडून कळलं.

त्या दोन रात्रींत एक शब्द मात्र माझ्या डोक्यात अडकून बसला होता. व्हिडिओतले तज्ज्ञ भाव सांगायचे तो खंडीत. खंडीला साठ हजार, खंडीला बासष्ट हजार. आम्ही क्विंटलमध्ये विकतो, बी पाकिटात घेतो, खत पोत्यात. मग ही खंडी कुणाची?

बाबांना विचारलं तर म्हणाले, "खंडी म्हन्जे वीस मन. पह्यले ज्वारी त्यानंच मोजत."

ते बरोबर होतं, पण कापसाची खंडी तेवढी नसते. ती ३५६ किलो रुईची असते. रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस. ३५६ हा आकडा इतका वेडावाकडा का, ते पौंडात मोजल्यावर कळतं. ती ७८४ पौंडांची आहे. ११२ पौंडांचा एक इंग्रजी हंड्रेडवेट, असे बरोबर सात. मुंबईच्या बाजारात २८ पौंडांचा मण धरत आणि असे २० मण म्हणजे साधी खंडी, ५६० पौंडांची. कापसासाठी मात्र २८ मणांची वेगळी खंडी होती. दशमान पद्धत येऊन साठ-सत्तर वर्षं झाली. मण गेला, शेर गेला, छटाक गेली. कापसाचा घाऊक व्यापार अजून त्या ७८४ पौंडांवर चालतो.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हन्जे आपली खंडी वेगळी अन् त्याईची वेगळी."

आमच्या सात एकरांत त्या वर्षी ३८ क्विंटल निघाला होता. शंभर किलो कापसातून साधारण चौतीस किलो रुई निघते. म्हणजे घरातल्या सगळ्यांची वर्षभराची मेहनत त्यांच्या मापाने साडेतीन खंडी.

वऱ्हाड इंग्रजांनी लढाई करून घेतला नाही. शाळेत आपण प्लासी शिकतो, खडकी-कोरेगाव शिकतो, १८५७ शिकतो. आमचा भाग कसा गेला हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि वाचलं तेव्हा ते मला फार ओळखीचं वाटलं. तो उधारीत गेला. हैदराबादच्या निजामाच्या राज्यात कंपनीने एक फौज उभी केली होती, हैदराबाद कंटिन्जंट. अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रजांचा, खर्च निजामाचा. खर्च थकत गेला. थकबाकीवर बोलणी झाली आणि २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दोआब हे मुलूख फौजेच्या खर्चासाठी कंपनीच्या हाती आले. कागदावर मालकी निजामाचीच होती, वसुली कंपनीची. गहाण टाकलेल्या शेताचं असतं तसं.

पुढचं मला जास्त बोलकं वाटतं. १८५७ मध्ये निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला, म्हणून १८६० च्या तहात त्याचं ५० लाखांचं देणं माफ झालं. धाराशिव परत मिळालं. रायचूर दोआब परत मिळाला. वऱ्हाड नाही. कर्ज माफ झाल्यावरही गहाण जमीन सावकाराकडेच राहिली. शेवटी १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने ती वर्षाला २५ लाखांवर कायमच्या भाडेपट्ट्याने लिहून घेतली. वऱ्हाडच का, याचं उत्तर डलहौसीने १८५६ मध्ये जाता जाता लिहिलेल्या अहवालातच सापडतं. नागपूर आणि वऱ्हाड हाती आल्याने हिंदुस्थानातले उत्तमोत्तम कापसाचे पट्टे मिळाले, अशा आशयाचं त्यात आहे. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण आमच्याकडे अभिमानाने सांगतात. कुऱ्हाड कुणाच्या पायावर, ते म्हणीत नाही.

पट्टा मिळाला तरी लँकेशायरच्या गिरण्यांना आमचा कापूस खास आवडत नव्हता. धागा आखूड, कचरा फार, वाहतूक महाग. त्यांचा तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेतून, गुलामांच्या हातून यायचा, तो लांब धाग्याचा आणि स्वच्छ. मग १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि मँचेस्टरला एकदम वऱ्हाड आठवला.

ती चार वर्षं वाचताना मला सारखा २०२२ चा उन्हाळा दिसत होता. मुंबईत कापसाचा पैसा इतका आला की तो ठेवायला जागा पुरेना. समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या बॅकबे कंपनीचे शेअर घ्यायला लोक वेडे झाले. प्रेमचंद रायचंद हे त्या वेडाचे राजे. पुढे त्यांच्याच देणगीतून, त्यांच्या आईच्या नावाने राजाबाई टॉवर उभा राहिला. आणि इकडे शेतकऱ्यांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा चढवल्या, अशी गोष्ट त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या लिखाणात येते. मला ती गोष्ट आवडत नाही. दोन वर्षं भाव मिळाला की शेतकऱ्याच्या मोटारसायकलचा फोटो छापून येतो, त्या जातीची ती गोष्ट आहे. पण पैसा आला होता हे खरं. आणि पैसा आला म्हणून लोकांनी आणखी पऱ्हाटी लावली, विहिरी-बैलांसाठी कर्ज काढलं, सावकारानेही ते हसत दिलं, हेही खरं.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं. बातमी मुंबईत पोचली आणि कापूस कोसळला. १ जुलै १८६५ ही वायद्याचे सौदे पुरे करायची तारीख होती. त्या दिवशी मुंबईतल्या मोठमोठ्या पेढ्या बसल्या. बॅकबेचे शेअर रद्दीच्या भावात गेले, प्रेमचंद बुडाले, बँक ऑफ बॉम्बे पुढे गुंडाळावी लागली. मुंबईचा हा इतिहास भरपूर लिहिला गेला आहे. एका बुडालेल्या शेअर दलालाच्या वाट्याला येतात त्याच्या शंभरावा भाग पानंही, भाव उतरल्यावर घरात कापूस घेऊन बसलेल्या माणसाच्या वाट्याला येत नाहीत. त्याचं कर्ज मात्र उतरलं नाही, आणि सारा रोखीनेच भरायचा होता. पश्चिमेकडे पुणे-नगर भागात त्या कर्जाचा हिशोब दहा वर्षांनी, मे १८७५ मध्ये निघाला. सुप्याच्या लोकांनी सावकारांची घरं गाठली आणि कर्जरोखे जाळले.

भाव पडला तरी मँचेस्टरने यावेळी वऱ्हाड सोडला नाही. अमेरिकेवर एकदा विसंबून फसले होते, पुन्हा फसायचं नव्हतं. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावला फाटा गेला आणि त्या चिमुकल्या लोहमार्गाच्या आणि तिथल्या कापूसबाजाराच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. ब्रिटिश साम्राज्याच्या व्हाइसरॉयला खामगावात काय काम? त्याच वर्षी मुंबई समुद्रातल्या तारेने लंडनला जोडली गेली. आदल्या वर्षी सुएझ कालवा उघडला होता. लिव्हरपूलचा भाव खामगावच्या बाजारात जवळजवळ लगेच कळायला लागला. रॅली ब्रदर्स, फोल्कार्ट ब्रदर्स अशा युरोपीय कंपन्यांचे लोक वऱ्हाडात उतरून थेट खरेदी करू लागले, दाबाच्या गिरण्या घालू लागले. अमरावतीत रॅलीज प्लॉट नावाची वस्ती आहे. मी कॉलेजात असताना तिथे कधीकाळी मोर्चे निघत असतील अशी माझी समजूत होती. आता ते नाव मला रॅली ब्रदर्सखेरीज दुसरीकडे जाताना दिसत नाही.

हे वाचताना एक गोष्ट मला टोचली. आपण तारायंत्राबद्दल वाचतो तेव्हा वाटतं, माहिती मिळाली की माणूस शहाणा होतो. खामगावच्या माणसाला लिव्हरपूलचा भाव कळत होता. पण तो भाव ठरत कसा होता, कुणाकडे किती गाठी पडून होत्या, कोण थांबू शकत होतं आणि कोण नाही, हे तारेतून येत नव्हतं. मला डिसेंबरात न्यूयॉर्कचा वायदा मोबाईलवर दिसत होता. तेवढ्यावर मी बाबांना सल्ला दिला. मिलवाला थांबतो तेव्हा त्याचा कापूस गोदामात असतो आणि त्याच्यावर त्याला बँक पैसे देते. बाबा थांबले तेव्हा कापूस माझ्या खोलीत होता.

रेल्वेआधी आमचा कापूस बैलांच्या पाठीवर जायचा. उत्तरेला थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जायचा, आणि नेणारे बहुतेक बंजारे. हजारो बैलांचे तांडे मीठ इकडे आणायचे, धान्य-कापूस तिकडे न्यायचे. रेल्वेने त्यांचा धंदा काही वर्षांत संपवला. मग रिकाम्या हाताने फिरणाऱ्या या लोकांकडे सरकार संशयाने बघू लागलं. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला, आणि काही प्रांतांत बंजाऱ्यांनाही त्याखाली टाकलं गेलं. महाराष्ट्रात ते आजही विमुक्त जातींच्या यादीत आहेत. 'विमुक्त' या शब्दामागे हा कायदा आहे, हे मला पंचविसाव्या वर्षी कळलं, आणि मी दारव्ह्याकडची आहे. आमच्या गावाला लागून तांडा आहे. पोहरादेवीच्या जत्रेला आम्हीही जातो. आमच्या शेतात वेचणीला तांड्यावरच्याच बाया येतात, किलोमागे मजुरीने. कापूस वाहणाऱ्यांच्या नाती-पणत्या आता तो वेचतात. त्यांतली एक, मी तिला मावशी म्हणते, एकदा म्हणाली होती की तिच्या आज्याकडे शंभर बैल होते. मला ती थाप वाटली होती. मी हसले होते.

आजीला या सगळ्यातलं एकच आवडतं, ते म्हणजे शकुंतला. यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरला आणि तिथून पुढे अचलपूरला जाणारी अरुंद रुळांची गाडी. आजी लग्न होऊन आली ती याच गाडीने. ती इतकी सावकाश चालायची की पोरं उतरून बोरं तोडून पुन्हा चढायची, हे आजी दर वेळी सांगते आणि आम्ही दर वेळी ऐकतो. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं, मँचेस्टरमध्ये बनलेलं. गाडी आता बंद आहे. रुळांमध्ये बाभळी आल्या आहेत. दारव्ह्याच्या मोतीबाग स्टेशनात शेळ्या बसतात.

ही लाइन किलिक निक्सन या कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घातली ती यवतमाळचा कापूस मुंबईच्या मोठ्या लाइनवर आणून सोडायला. देश स्वतंत्र झाला, १९५१ मध्ये बहुतेक रेल्वे सरकारच्या झाल्या, ही तेव्हाही खाजगीच राहिली. मी आजीला म्हटलं, "आजी, ती तुझ्यासाठी नव्हतीच. कापसासाठी होती." आजीने मान वर केली नाही. म्हणाली, "आमाले त तिकीट देत होते." यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

आजीचा हट्ट एकच. घरात वर्षाची ज्वारी असली पाहिजे. बाबांनी ज्वारी पेरणं कधीच सोडलं, रानडुकरं ठेवत नाहीत आणि भावही नाही. तरी आजी दर वर्षी बाजारातून दोन पोती आणायला लावते, आणि रेशनचा गहू कोठीत असताना ही कशाला, म्हणून आई कुरकुरते. आजीला कारण विचारलं तर सांगता येत नाही. तिच्या सासूने सांगितलं होतं म्हणे.

माइक डेव्हिस या अमेरिकन लेखकाने व्हिक्टोरियाच्या काळातल्या दुष्काळांवर एक जाड पुस्तक लिहिलं आहे, त्यात वऱ्हाडवर काही पानं आहेत. लक्ष्मण सत्या या अभ्यासकाच्या संशोधनाच्या आधाराने तो लिहितो की १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात १ लाख ४३ हजार माणसं उपासमारीने मेली, आणि त्याच काळात वऱ्हाडातून कापसाच्या हजारो गाठी तर बाहेर गेल्याच, ७ लाख ४७ हजार बुशेल धान्यही गेलं. मी ते पान मोबाईलवर मोठं करून तीनदा वाचलं. रेल्वे होती, तार होती, बाजार होते, देशातली सर्वांत सुपीक काळी माती होती. ज्वारीची जागा पऱ्हाटीने घेतली होती, आणि मजुराच्या हातात ज्वारी विकत घ्यायला पैसा नव्हता. रेल्वेने धान्य दुष्काळी भागात येऊ शकतं, तसंच ते जास्त भावाच्या गावी जाऊही शकतं. आजीच्या सासूच्या सासूने ते वर्ष पाहिलं असणार. त्या बाईचं नावही आमच्या घरात कुणाला माहीत नाही.

सगळं इंग्रजांच्या नावावर टाकलं की आपण मोकळे होतो, तसं मला करायचं नाही. त्या बाजारात अडत्ये आपले होते, सावकार आपले होते, वजनात मारणारेही आपलेच. इंग्रज गेल्यावर राज्य सरकारने १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी केली, तीस वर्षं. बाबा अजून तिच्या नावाने बोटंही मोडतात आणि तिची आठवणही काढतात. बैलगाड्यांच्या तीन-तीन दिवसांच्या रांगा, चुकाऱ्याला उशीर, "पन भाव आदी मालूम राह्यचा." त्या एका वाक्यात सुख होतं की नव्हतं, मला ठरवता येत नाही.

आम्ही कापूस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात विकला. पेरणीला पैसा हवा होता, आणि पाऊस आला असता तर खोलीतला कापूस पिवळा पडला असता. टेम्पो भरायला दुपार गेली. मी तोंडाला ओढणी बांधून गाठोडी भरत होते आणि हात नुसते जळत होते. जिनिंगच्या काट्यावर ३८ क्विंटलचा ३६.५० क्विंटल भरला. सहा महिन्यांत वाळून घटला. भाव लागला ६,९५०. डिसेंबरात दारात आलेल्या माणसाला दिला असता तर ३ लाख २३ हजार झाले असते. झाले २ लाख ५३ हजार ६७५. त्यातून हमाली, टेम्पो.

मी काट्याजवळ उभी होते. माफी मागायची होती, पण तिथे माणसं होती. परतताना टेम्पोत बाबांनी काटापट्टी खिशातून काढली, घडी उलगडून एकदा बघितली आणि माझ्याकडे दिली. "हे तुया त्या एक्सेलात टाकून देजो."

"बाबा, माझं चुकलं."

"तुया काहून चुकलं. बेपाऱ्याचं चुकते, सरकारचं चुकते, तुया-माया तं अंदाज राह्यते." मग बाहेर बघत म्हणाले, "पुढच्या टायमाले डिसेंबरातच देऊन टाकू."

घरी आलो तर आजीने खोली झाडून घेतली होती. भिंतीवरच्या आवर्तसारणीवर कमरेपर्यंत ओलीची रेघ उमटली होती. कोपऱ्यातल्या ओल्या भेगेत सरकीचे दोन कोंब फुटले होते, दोन-दोन पानांचे. आजीने ते काढले नव्हते. ओसरीत बाबा फोनवर कुणालातरी बियाण्याच्या पाकिटांचा भाव विचारत होते.